धुराचा हिशेब मांडणारा माणूस

घुग्घुसमध्ये हवेचा विषय निघाला की बोट आधी बाहेर जाते. कोळशाच्या खाणी, रात्रंदिवस धावणारे ट्रक, सिमेंट आणि लोखंडाचे कारखाने, अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारा काळा थर. तक्रार खरी आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा चंद्रपूरचे नाव तिच्यात अगदी वरच्या क्रमांकांत होते. पण दिवसाच्या चोवीस तासांतले बरेचसे तास आपण घरात असतो. तान्ही मुले, बाळंतिणी, म्हातारी माणसे आणि स्वयंपाक करणाऱ्या बाया तर त्याहून जास्त. मग घरातल्या हवेचे काय? तिचा हिशेब कोण ठेवतो?

हा हिशेब ठेवायला शिकवणारा एक माणूस आपल्या विदर्भातच राहून गेला. घुग्घुसजवळून वाहणारी वर्धा नदी ज्या जिल्ह्याच्या कडेकडेने खाली येते, त्या वर्धा जिल्ह्यात. तो डॉक्टर नव्हता आणि शास्त्रज्ञही नव्हता. तो होता हिशेबनीस. त्याचे नाव जे. सी. कुमारप्पा.

कोट-टायमधला हिशेबनीस

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तमिळनाडूतल्या तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. तेव्हा त्यांचे नाव जोसेफ कॉर्नेलियस होते. घर सुशिक्षित आणि शिस्तीचे. तरुणपणी ते लंडनला गेले, तिथे लेखापालाची परीक्षा पास झाले. परत आल्यावर मुंबईत आधी नोकरी केली, मग स्वतःची हिशेब तपासणीची पेढी काढली. धंदा चांगला चालला होता. राहणी पूर्ण साहेबी, कपडे इस्त्रीचे आणि घड्याळाचा काटा चुकायचा नाही.

१९२७ मध्ये ते अमेरिकेला गेले. सिरॅक्यूज विद्यापीठातून व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी घेतली आणि पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथल्या एका चर्चमध्ये त्यांनी भारत गरीब का आहे या विषयावर भाषण दिले. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि ती त्यांचे प्राध्यापक सेलिग्मन यांच्या वाचनात आली. याच विषयावर अभ्यास कर, असे त्यांनी सुचवले. कुमारप्पांनी सरकारी जमाखर्चाची पाने उलटायला सुरुवात केली. आकडे जसजसे समोर येत गेले, तसतसा हा साहेबी तरुण अस्वस्थ होत गेला. देशातून पैसा कसा आणि कुठे वाहून जातो, हे आता त्यांना वहीत दिसत होते.

तो प्रबंध घेऊन ९ मे १९२९ रोजी ते साबरमतीच्या आश्रमात गेले. भेटीच्या वेळेआधी पोहोचले म्हणून इकडेतिकडे फिरत राहिले. एका झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर एक म्हातारा सूत कातत बसलेला होता. थोड्या वेळाने कळले की हेच गांधीजी. मग साहेबांनी आपल्या रेशमी सुटाची पर्वा केली नाही, तेही त्या सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसले. पुढच्या काळात कोट गेला आणि खादी आली. कॉर्नेलियस हे नावही मागे पडले आणि त्यांनी कुमारप्पा हे घराण्यातले जुने नाव लावले.

हिशेबाचा काटेकोरपणा मात्र तसाच राहिला. १९३४ च्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीचे हिशेब त्यांच्याकडे सोपवण्यात आले. तेव्हा गांधीजींसोबत आलेल्या मंडळींचा खर्चही निधीतून द्यायला त्यांनी नकार दिला. पैसा भूकंपग्रस्तांचा आहे, तो इतर कुणावर खर्च होणार नाही, एवढे साधे त्यांचे गणित होते. ज्याचा खर्च, तो त्याच्याच खात्यावर. ही सवय पुढे स्वयंपाकघरापर्यंत गेली, म्हणून ती इथे सांगितली.

मगनवाडीतला दिवा आणि चूल

डिसेंबर १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. कुमारप्पा त्याचे सचिव झाले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेच्या जागेत संघाचे काम चालू झाले. गांधीजींचे सहकारी मगनलाल गांधी यांच्या नावावरून त्या जागेला मगनवाडी म्हणू लागले. सेवाग्रामला राहायला जाण्यापूर्वी गांधीजीही काही काळ इथेच होते. ३० डिसेंबर १९३८ रोजी त्यांच्याच हस्ते इथल्या मगन संग्रहालयाचे उद्घाटन झाले.

मगनवाडीत गावाच्या रोजच्या वापरातली एकेक वस्तू तपासायला घेतली जाई. तेलाची घाणी, हातकुटाईचा तांदूळ, हातकागद, गूळ, मधमाश्या. हे काम शेतकऱ्याला कमी पैशात आणि गावातच कसे करता येईल, हा प्रश्न प्रत्येक वेळी असे. याच ओघात दोन वस्तू तयार झाल्या, ज्यांचा संबंध थेट घरातल्या हवेशी येतो.

पहिली वस्तू म्हणजे मगन दीप. त्या काळी खेड्यातल्या घरात रॉकेलची चिमणी जळे. तिची काजळी भिंतीवर, नाकात आणि फुप्फुसात साठे. रॉकेल बाहेरून येई आणि गावाचा पैसा बाहेर जाई. मगन दीप वनस्पती तेलावर चालणारा होता. तेलबिया गावच्या, घाणी गावची, म्हणजे उजेडाचा पैसाही गावातच राहणार. तेल नीट जळेल अशी रचना साधली की काजळीही कमी होते. कुमारप्पांचा मूळ मुद्दा पैशाचा होता, हे कबूल केले पाहिजे. पण हिशेब पुरा मांडला की आरोग्य आपोआप त्यात येते.

दुसरी वस्तू म्हणजे मगन चूल. ही बिनधुराची मातीची चूल १९४७ च्या सुमारास पुढे आली. देशातल्या सुधारित चुलींचा इतिहास सांगताना अभ्यासक आजही तिचे नाव सुरुवातीला घेतात. पुढे १९५३ मध्ये हैदराबादच्या एस. पी. राजू यांनी बिनधुराच्या स्वयंपाकघरांवर पुस्तिका काढली आणि हा विषय देशभर गेला.

बिनधुराच्या चुलीचे तत्त्व आपल्या डोळ्यांसमोरचेच आहे. तापलेली हवा हलकी होते आणि वर जाते. साध्या चुलीत ती वाट फुटेल तिकडे पसरते, कवेलूंच्या फटींतून थोडी बाहेर पडते आणि बाकीची घरात घुटमळते. सुधारित चुलीत जाळ एका तोंडातून लागतो. गरम हवा मातीच्या आतल्या बोगद्यातून पहिल्या भांड्याखालून दुसऱ्या भांड्याखाली जाते आणि शेवटी नळीतून छपराच्या वर निघते. नळीतली हवा वर चढली की मागून ताजी हवा आपोआप आत ओढली जाते. त्यामुळे जाळ चांगला पेटतो, फुंकणी कमी लागते, एकाच जाळावर भात आणि वरण दोन्ही होतात आणि धूर बाईच्या तोंडावर येत नाही.

यात नवल वाटावे असे यंत्र काहीच नाही. माती, पाइप आणि वाऱ्याचा स्वभाव. पण धुराला वाट करून दिली पाहिजे हा विचार आधी कुणीतरी करावा लागतो. स्वयंपाकघरात धूर असणारच, बाईच्या डोळ्यांतून पाणी येणारच, असे पिढ्यान् पिढ्या धरून चालले होते. तो खर्च कुणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता.

आपल्या जिल्ह्याचाही पाहणीत समावेश

तेव्हाचा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, मध्य प्रांत आणि वऱ्हाडात मोडत होता. त्या प्रांताच्या सरकारने ग्रामोद्योगांच्या पाहणीसाठी कुमारप्पांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. प्रांतातल्या ६०६ गावांची पाहणी करून १९३९ पासून तिचा अहवाल बाहेर आला. गावात काय पिकते, काय विकले जाते, कोणता धंदा बुडतो आहे, जंगलातून काय मिळते, असे प्रश्न घेऊन माणसे गावोगाव फिरली. वरून योजना लादण्याआधी घरात जाऊन पाहायचे आणि विचारायचे, ही कुमारप्पांची पद्धत होती.

१९४२ नंतरच्या काळात त्यांना पुन्हा तुरुंगवास झाला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी शाश्वत अर्थव्यवस्थेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले. गांधीजींनी त्याला प्रस्तावना दिली आणि त्यांना ग्रामोद्योगांचे डॉक्टर म्हणून गौरवले.

त्या पुस्तकातला एक विचार घुग्घुसच्या माणसाला चटकन समजेल. कुमारप्पांनी निसर्गातल्या संपत्तीचे दोन भाग केले. एक साठ्याची संपत्ती, जसे कोळसा, खनिज तेल, लोखंड. ती एकदा काढली की संपते आणि जेवढी कमी होते तेवढी तिच्यावरून भांडणे वाढतात. दुसरी वाहती संपत्ती, जसे पाणी, ऊन, वारा, नीट जपलेले जंगल. ती दरवर्षी नव्याने येते. माणसाच्या व्यवहारांचीही त्यांनी पायरीपायरीने मांडणी केली. दुसऱ्याला मारून जगणे सर्वांत खालच्या पायरीवर आणि सेवा सर्वांत वरच्या. सेवेचे त्यांचे उदाहरण म्हणजे पिलाला भरवणारी आई.

आता ही आई आपल्या स्वयंपाकघरात उभी करा. घरातली सर्वांत मोठी सेवा ती करते आणि घरातला सर्वांत जास्त धूरही तीच गिळते. हिशेब कुठेतरी चुकला आहे, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

विज्ञानाने पुढे काय दाखवले

धुरातले सूक्ष्म कण किती बारीक असतात, हे मोजण्याची साधने कुमारप्पांच्या काळात गावापर्यंत आलेली नव्हती. आज आपण त्यांना पीएम २.५ म्हणतो. केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाइतके किंवा त्याहून बारीक हे कण नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. आपल्या देशाच्या मानकानुसार चोवीस तासांची सरासरी दर घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. जागतिक आरोग्य संघटना तर १५ सांगते. बंद खोलीत उघडी चूल पेटली की हा आकडा काही मिनिटांत कित्येक शेकड्यांवर जातो.

याचा परिणाम फक्त खोकल्यापुरता नाही. लहान मुलांचा न्यूमोनिया, मोठ्यांचा दम्यासारखा कायमचा श्वासविकार, फुप्फुसाचा कर्करोग, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू या सगळ्यांशी घरातल्या धुराचा संबंध जोडला गेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या दूषित हवेमुळे जगात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले.

आपल्या जिल्ह्यात या खात्यावर आणखी एक खर्च चढतो. सरपणासाठी बाया जंगलात जातात आणि तिथे वाघाशी गाठ पडते. सरपण फुकट मिळते असे आपण म्हणतो. पण मोळी आणण्यात गेलेला दिवस, मानेवरचे ओझे, डोळ्यांतला धूर आणि जिवाची भीती हे सगळे मांडले, तर इतके महाग इंधन दुसरे नसेल.

जिथे चूल हरली

कुमारप्पा ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्याच पुण्यतिथीला, वारले. ते ६८ वर्षांचे होते. शेवटची वर्षे त्यांनी दक्षिणेत, मदुराई भागातल्या कल्लुपट्टीच्या आश्रमात काढली.

त्यांच्या पश्चात, १९८० च्या दशकात सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. देशभर कोट्यवधी चुली बसल्या. पण त्यातल्या पुष्कळ चुली एक-दोन वर्षांत मोडल्या किंवा लोकांनी स्वतःच काढून टाकल्या. कुठे नळी काजळीने तुंबली आणि ती साफ कशी करायची हे कुणी सांगितले नव्हते. कुठे चुलीचे तोंड लहान झाले आणि पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या त्यात मावेनात. कुठे घरातल्या भांड्यांचा आकारच विचारला नव्हता. २००२ मध्ये तो कार्यक्रम थांबला.

आकड्यांसाठी चुली बसल्या आणि ज्या बाईने ती वापरायची, तिलाच विचारायचे राहून गेले. आधी घरात जाऊन पाहायचे, ही मगनवाडीची अर्धी शिकवण सोबत घेतलीच नाही. शिवाय एक मर्यादा मूळ कल्पनेतही होती, ती लपवायला नको. नळीने धूर घराबाहेर जातो, नाहीसा होत नाही. दाट वस्तीत माझा धूर शेजारच्याच्या खिडकीतून आत जातो.

२०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तरीही सिलिंडर महाग पडतो म्हणून पाणी तापवायला, जनावरांचे आंबोण शिजवायला किंवा हिवाळ्यात शेकायला चूल आणि शेगडी चालूच राहते. म्हणून हा हिशेब अजून मिटलेला नाही.

आपल्या घराची वही

मग आज घुग्घुसच्या घरात काय करता येईल? कुमारप्पांसारखेच स्वस्तातून सुरुवात करू.

सर्वांत आधी कोळशाची शेगडी. कोळसा पट्ट्यात अनेकांची सवय अशी की शेगडी अंगणात पेटवायची आणि धूर निघून निखारे लाल झाले की ती खोलीत आणायची. धूर गेला म्हणजे विष गेले, असा समज असतो. खरी गोष्ट उलट आहे. लाल निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही आणि वासही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट चिकटतो. दार-खिडकी लावून शेगडीजवळ झोपलेली माणसे झोपेतच दगावतात ती यामुळे. पेटती शेगडी झोपायच्या खोलीत कधीच ठेवू नका. शेकताना सगळ्यांचे एकदम डोके दुखू लागले, मळमळले, चक्कर आली तर लगेच उघड्यावर या आणि १०८ ला फोन करा.

चूल वापरत असाल तर ती शक्यतो पडवीत किंवा उघड्यावर हलवा. नळीची चूल असेल तर नळीचे तोंड छपराच्या चांगले वर न्या आणि काजळी नियमित झाडा. सरपण वाळलेलेच वापरा, ओले लाकूड जळते कमी आणि धुमसते जास्त. डाळ आधी भिजवा, भांड्यावर झाकण ठेवा. जाळ कमी लागला की धूरही कमी. प्लॅस्टिक, टायर, रंगवलेली लाकडे चुलीत घालू नका. स्वयंपाक होईपर्यंत तान्ह्या मुलाला चुलीपासून दूर, दुसऱ्या कुणाजवळ द्या.

गॅस असला तरी खिडकी उघडी हवी. गॅसच्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो आणि फोडणीचा धूरही हवेत राहतो. एक खिडकी किंवा धूर ओढणारा पंखा आणि त्याच्या समोरच्या बाजूने हवा आत यायला जागा, एवढे पुरते. हवा एका बाजूने आली आणि दुसरीने गेली तरच ती बदलते.

आपल्या गावात अडचण अशी की बाहेरची हवाही स्वच्छ नाही. म्हणून वेळ पाहून खिडक्या उघडा. हिवाळ्यात पहाटे आणि रात्री थंड हवा जमिनीलगत दबून राहते आणि धूळ-धूर तिच्यात अडकतो. दुपारी ऊन तापले की हवा वर उठते, तेव्हा घर मोकळे करा. ट्रकच्या रस्त्याकडची खिडकी लावून मागची उघडा. झाडूने धूळ फक्त उडते, म्हणून ओल्या फडक्याने पुसून काढा. दारात ओले पायपुसणे ठेवा, चपला बाहेर काढा आणि खाणीवरून आलेले कपडे घरात झटकू नका.

डासांच्या कॉइलचा धूरही धूरच आहे, त्याऐवजी मच्छरदाणी लावा. विडी-सिगारेट घरात नको. कुंडीतली रोपे डोळ्यांना बरी वाटतात, पण खोलीची हवा साफ करण्याइतकी ताकद त्यांच्यात नाही. त्यापेक्षा उघडलेली खिडकी कितीतरी जास्त काम करते. हवा शुद्ध करणारे यंत्र धूळ धरते, कार्बन मोनॉक्साइड धरत नाही, त्यामुळे यंत्र आहे म्हणून शेगडी आत आणायची, असे चालणार नाही.

घराबाहेरच्या हवेसाठी कारखान्यांना आणि सरकारला जाब विचारायलाच हवा. आपले खाते नीट लिहिलेले असले की तो जोरही वाढतो. आज रात्री एक काम करा. स्वयंपाक चालू असताना घरातल्या कर्त्या पुरुषाने पाटावर वाट पाहत बसण्याऐवजी चुलीजवळ किंवा ओट्याजवळ पंधरा मिनिटे उभे राहावे. डोळे चुरचुरले, खोकला आला, तर वहीत पहिली नोंद झाली असे समजावे. कधी वर्ध्याला जाणे झाले, तर मगन संग्रहालयही बघून या.